छपरावरून कुत्री-मांजरं कधी पडलीच नाहीत

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिल्या पावसाला एक मेसेज हमखास येतो. 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्स', म्हणजे धो धो पाऊस पडतोय, हा इंग्रजी वाक्प्रचार कुठून आला? म्हणे, १५०० च्या सुमारास इंग्लंडात घरं गवतानं शाकारलेली असत, उबेसाठी कुत्री-मांजरं छपरात झोपत आणि पावसात घसरून खाली पडत. मी शिकवणीत इंग्रजी शिकवते. आठवीतली मुलं ही गोष्ट इतिहास म्हणून सांगतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

आधी छप्पर. आजोळी, मुरबाडकडे, मे महिन्यात घर शाकारायचे. पेंढ्याच्या जुड्या खालून वर, एकीवर एक, इतक्या घट्ट बांधत की मधे बोट शिरत नसे. पाणी वरच्यावर ओघळावं म्हणून उतारही चांगला खडा. इंग्लंडातलं गवती छप्परही असंच चालतं. त्यात उंदीर घर करतील, कुत्रा कुठून शिरणार? वर उघड्यावर बसला तर ऊब कसली? आणि थेंब पडला की कुत्रं पडवीत पळतं, छपरावर थांबत नाही.

आता काळ. हा मजकूर १९९९ पासून ई-मेलवर फिरतोय. या वाक्प्रचाराच्या जवळ जाणारा सुरुवातीचा छापील दाखला मात्र १६५१ चा, हेन्री वॉन या वेल्श कवीचा. तो मला फार मोलाचा वाटतो, कारण तिथे फेरीवाल्यांना असं छप्पर हवंय, जे कुत्र्या-मांजरांच्या सरींपासून त्यांचा माल वाचवेल. म्हणजे कुत्री-मांजरं येतात आभाळातून आणि छप्पर त्यांना अडवतं! मेसेजच्या नेमकं उलट. आज आपण म्हणतो त्या शब्दांत ते जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या पुस्तकात आहे.

राहिला मुख्य गैरसमज: शब्दश: काहीतरी घडल्याशिवाय वाक्प्रचार होत नाही. वॉनच्याच वेल्श भाषेत धो धो पावसाला 'म्हाताऱ्या आणि काठ्या पडतायत' म्हणतात. फ्रेंचमध्ये दोरखंड पडतात. आणि आपल्याकडे? मुसळधार! वर्गात मी आजीचं मुसळ दाखवते: हातभराहून लांब, मनगटाएवढं जाड, टोकाला लोखंडी कडं. मग खिडकीतून येऊरच्या डोंगरापुढची सर दाखवते. तेवढ्या जाड, सरळ धारा दिसल्या की मुलांना अर्थ सांगावा लागत नाही, आणि मुसळं कुणाच्या माळ्यावरून पडली, असं एकही मूल विचारत नाही.