हवा कुठून येतेय, एवढं तरी विचारायचं होतं!

पाच आठवडे, तीन गॅरेजं आणि साडेनऊ हजार रुपये. शेवटी दोष काय निघाला? वीतभर रबरी पाइपला गेलेली चीर. नवा पाइप 180 रुपयांना मिळाला. अजून संताप जात नाहीये.

माझी गाडी 2010 ची, साधी पेट्रोल हॅचबॅक. इंजिन गरम झालं की न्यूट्रलला आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला इंजिनाचे फेरे दाखवणारा, काटा 800 च्या आसपास असायचा. मार्चमध्ये एके दिवशी तो 1700 वर जाऊन बसला आणि खाली यायचं नावच घेईना. यात काय एवढं, आवाज जरा जास्त, असं ज्यांना वाटतं त्यांनी अशी गाडी संध्याकाळी सातला सिंहगड रोडवर चालवून बघावी. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी ताशी दहा-बाराने पळते, आणि पुढच्या स्कूटरमध्ये चार हातांचं अंतर! अख्खा रस्ता क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक. रात्री डावा गुडघा ठणकायचा. सिंहगडाचा घाट उतरताना तर पहिल्या गिअरमध्येसुद्धा वळणावर गाडी पुढेच ढकलत होती. शेजारी आई वरचं हँडल घट्ट धरून एक शब्द न बोलता बसली होती. ते उतरणं मी विसरणार नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं आणि दोन मिनिटांत निकाल लागला: "थ्रॉटल बॉडीत कार्बन आहे, साफ करतो." थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा सोडणारी पाकळी असते तो भाग. ठीक आहे, तिथे कार्बन साठतो, साफ करा. पण साफ करूनही काटा खाली आला नाही, तेव्हा त्या माणसाने काय केलं? थ्रॉटलच्या पाकळीचा स्टॉप स्क्रू फिरवला. त्या स्क्रूवर कंपनीतून रंगाची खूण करून दिलेली असते, तो फिरवायचा नाही म्हणूनच ती असते! कार्ब्युरेटरच्या गाड्यांत स्क्रू फिरवून आयडलिंग लावायचे, मान्य. पण इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल सोडणाऱ्या, गाड्या आपल्याकडे येऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. इथे त्या स्क्रूवर पाकळीची बंद स्थिती ठरते आणि त्या स्थितीवर थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं गणित ठरतं. ते बिघडवून वर 1,200 रुपये घेतले.

दुसऱ्याने चारही प्लग बदलले आणि इंजेक्टर साफ केले. 3,800 रुपये. का बदलले? "साहेब, प्लग जुने होते." अरे, मी प्लगची तक्रार घेऊन आलो होतो का? गाडी अडखळत नव्हती, पिकअप गेला नव्हता, धूर नव्हता. रेस चढली होती, एवढंच सांगत होतो. ऐकायला कुणी तयारच नाही.

तिसरं मोठं, एसी वेटिंग रूम असलेलं सर्व्हिस सेंटर. तिथे स्कॅनर लावला. म्हटलं, चला, आता तरी कुणीतरी तपासणार. दोषाचा कोड काही आला नाही, चेक इंजिनचा दिवाही लागत नव्हता. मग थेट आयएसी व्हॉल्व्ह, म्हणजे न्यूट्रलला इंजिनाला हवा सोडणारा व्हॉल्व्ह, बदलायचं ठरलं, 4,500 रुपये. नवा व्हॉल्व्ह बसला आणि काटा तिथेच, 1700 वर. यावर सल्ला काय, तर "पूर्ण थ्रॉटल बॉडी बदलून बघू, अठरा हजार लागतील." बघू म्हणजे काय? माझ्या खिशातून तुमचे प्रयोग?

मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. पेट्रोल इंजिनाचा वेग हवा ठरवते. पाकळी बंद असताना इंजिन चालू राहायला जेवढी हवा लागते, तेवढी आयएसी मोजून सोडतो. काटा चढलेला राहतो म्हणजे जास्तीची हवा कुठून तरी आत जातेय. एकतर पाकळी पूर्ण मिटत नाही, ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली आहे, आयएसी उघडा अडकलाय किंवा कूलंटचा सेन्सर इंजिन थंड असल्याचं सांगून तो उघडायला लावतोय. नाहीतर एखादा पाइप, गास्केट, ब्रेक बूस्टरची नळी फुटलीय. संपली यादी. आणि त्याच स्कॅनरच्या पडद्यावर आयएसीचा आकडा शून्य दिसत होता, मी स्वतः पाहिला. म्हणजे ईसीयूने, इंजिनाच्या कॉम्प्युटरने, आपल्या ताब्यातला हवेचा रस्ता पूर्ण बंद केला होता, तरी इंजिन पळत होतं. उत्तर समोर होतं! पण यांना फक्त कोड वाचता येतो. माझ्या गाडीत मॅप सेन्सर आहे. तो इनटेकमधला, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेतला, दाब मोजतो, त्यामुळे चोरवाटेने आलेली हवासुद्धा त्या दाबात धरली जाते, तिच्या मापाने पेट्रोल सुटतं, इंजिन गुळगुळीत चालतं आणि दिवा लागत नाही. दिवा नाही म्हणून दोष दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून पार्ट बदला. हे कुठलं निदान?

शेवटी एका रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीच बॉनेट उघडून उभा राहिलो. पंखा बंद असताना कान दिला तर इनटेकच्या मागून बारीक "स्स्स्" असा आवाज. हात घातला. पीसीव्हीचा पाइप, म्हणजे इंजिनातला वायू परत इनटेकमध्ये नेणारा, वरून धडधाकट, खालच्या बाजूने बेंडवर फाटलेला. चिरेवर अंगठा दाबला आणि काटा झपकन खाली आला. अंगठा काढला, परत वर. तीनदा करून बघितलं. एक मिनिट लागलं असेल. तीन गॅरेजांतल्या एकालाही ते एक मिनिट देता आलं नाही.

पाइप बदलला तरी काटा 1100 वर थांबला, कारण तो फिरवलेला स्क्रू! वडगावच्या एका पत्र्याच्या शेडमधल्या काकांनी स्कॅनरवर थ्रॉटलचा आकडा बघत बघत स्क्रू जागेवर आणला. पाऊण तास गेला, 300 रुपये घेतले. आता 800.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला जाऊन सांगितलं, माझा जुना आयएसी चांगला होता, तो परत लावा आणि पैसे द्या. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "लावलेला पार्ट परत घेत नाही, सर." बरं, मग माझा जुना तरी द्या. तो आत जाऊन आला. "भंगारात गेला."