मामा, ती तेलाची बाटली आधी खाली ठेवा

'जुने लाकडी स्पीकर घरच्या घरी नव्यासारखे, खर्च फक्त 200 रुपये' हा मेसेज तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. आठ मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी टिक, खाली 'पुढे पाठवा, जुन्या वस्तू वाचवा'. आमच्या मामांना तो तीन ग्रुपवर आला आणि माळ्यावरची जोडी गच्चीवर गेलीसुद्धा. म्हणून हे उत्तर.

मेसेज न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: 80 नंबरच्या पॉलिश पेपरने जुनं पॉलिश उडवा. मग स्टील वूलने घासा, स्पीकर बाहेर काढायची गरज नाही, वर्तमानपत्र चिकटवलं की झालं. जवसाचं नाहीतर शेंगदाण्याचं तेल गरम करून यंत्रमागाच्या वेस्टने (उरलेल्या सुताच्या गुंत्याने) चोळा आणि ते वेस्ट पुढच्या हातासाठी डब्यात भरून ठेवा. दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मागच्या फळीला इंचाची 4 भोकं पाडा, बेस दुप्पट होतो. कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या कागदी पडद्याच्या) कडेला पातळ फेव्हिकॉल लावा. काळ्या डागांवर लिंबू चोळा. जाळीचं कापड फाटलं असेल तर सोलापुरी चादर ताणून बसवा.

हे लिहिणाऱ्याला स्पीकरचं कॅबिनेट म्हणजे छोटं कपाट वाटतंय. मुद्दे मी क्रमाने घेणार नाही. ज्याने घर पेटू शकतं तो आधी.

जवसाचं तेल 'वाळतं' म्हणजे त्यातलं काही उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होत जातं, आणि या क्रियेत उष्णता निघते. लाकडावर पातळ थर असतो, उष्णता हवेत निघून जाते, कळतही नाही. तेच तेल सुताच्या गोळ्यात मुरलं की प्रत्येक धाग्यावर तेलाचा थर, मधून मधून हवा, आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. गोळा आतून तापतो, तापला की क्रिया आणखी वेगाने होते, आणि काही तासांत काडी न लावता तो पेट घेऊ शकतो. यंत्रमागाचं वेस्ट या कामाला जणू मुद्दाम बनवलंय: सुटं, फुगीर, कोरडं सूत. त्यात मे महिन्यातली सोलापूरची पत्र्याची खोली. आणि मेसेज म्हणतो, डब्यात भरून ठेवा!

हे घाबरवायला म्हणून सांगत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाला वन मेरिडियन प्लाझा नावाची 38 मजली इमारत होती. 23 फेब्रुवारी 1991च्या रात्री तिच्या 22व्या मजल्यावर आग लागली. तिथे लाकडी पॅनेलना पॉलिश करायचं काम चालू होतं आणि जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या तशाच टाकलेल्या होत्या. आग 19 तासांहून जास्त जळत राहिली, अग्निशमन दलाचे 3 जवान त्यात गेले, आणि ती थांबली 30व्या मजल्यावर, कारण तिथे स्प्रिंकलर होते. इमारत पुन्हा वापरात आली नाही, 1999मध्ये पाडून टाकली. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाचा त्यावरचा अहवाल कुणालाही वाचायला खुला आहे. 'आमचे आजोबा असंच करायचे, काही झालं नाही' म्हणणाऱ्यांनी तो वाचावा आणि मग बोलावं.

तेलाची चिंधी उलगडून, एकेरी, दोरीवर बाहेर सावलीत टाकायची. घडी नाही, ढीग नाही. पुठ्ठ्यासारखी कडक झाली की मग कचऱ्यात. तेवढा वेळ नसेल तर पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवायची. एवढंच करायचं असतं, पण तेच मेसेजमध्ये नाही.

आता शेंगदाण्याचं तेल. चटणीला सोलापूरच्या शेंगदाण्याला तोड नाही, पण लाकडाला ते तेल लावू नये. तेल हवेत सुकतं की नाही याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो. जवसाचं साधारण 170 ते 200, शेंगदाण्याचं 85 ते 105. पक्कं सुकायला ते 130च्या वर लागतं. म्हणजे शेंगदाण्याचं तेल कधीच सुकणार नाही. पहिले चार दिवस लाकूड सुंदर गडद दिसेल (मेसेजमधला फोटो याच चार दिवसांतला असणार), मग चिकट होईल, धूळ धरेल, खवट वास मारेल, झुरळं येतील. वर त्यावर पुढे कुठलंच पॉलिश नीट धरत नाही.

इथे एक अर्धं सत्य नाइलाजाने मान्य करतो. 1960-70च्या दशकांतल्या बऱ्याच अमेरिकन स्पीकरांना अक्रोडाच्या व्हिनियरवर (वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ थरावर) मुळातच तेलाचं फिनिश होतं. तुमची जोडी तशी असेल तर तेल लावणं चूक नाही. पण ते सुकणारं तेल हवं. पेंटर लोकांचं बेलतेल, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड लिनसीड, टर्पेंटाइनमध्ये निम्मं-निम्मं मिसळायचं. स्टोव्हवर गरम करायचं नाही. कापडाने लावायचं, 15 मिनिटं थांबायचं आणि उरलेलं सगळं पुसून कोरडं करायचं. मग एक दिवस मध्ये सोडून दुसरा हात. पुसायला आळस केला की चिकट पापुद्रा राहतो. घाण्यावरचं कच्चं जवस तेल तर वाळायला आठवडे घेतं.

दुसरा नंबर स्टील वूलचा, आणि इथे मेसेज लिहिणाऱ्याने स्पीकर कधी उघडलेला नाही हे कळतं. वूफरच्या, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, मागे भलं मोठं चुंबक असतं. त्याच्या मधल्या गोल फटीत कोनला जोडलेली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, हलते आणि कॉइलच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा मिलिमीटरपेक्षाही कमी. स्टील वूल घासताना लोखंडाची जी भुकटी उडते ती वर्तमानपत्राखालून, स्क्रूच्या भोकातून त्या फटीकडे ओढली जाते. एकदा आत गेलेला कण फुंकून निघत नाही, चुंबकानेच धरून ठेवलेला असतो. मग ठरावीक सुरांवर खरखर, आणि कधी कॉइल घासून बाद. कॅबिनेट चमकतंय आणि आतला जीव गेला.

तेव्हा लाकडाला हात लावायच्या आधी सगळे ड्रायव्हर, म्हणजे पेटीत बसवलेले आवाज काढणारे भाग, काढायचे. स्पीकर आडवा, तोंड वर. वायरींचा फोटो, लाल वायरीला टेप. स्क्रू काढूनही ड्रायव्हर चिकटलेला असेल तर कडेला पातळ सुरीने जुनं गॅस्केट सोडवायचं. स्क्रूड्रायव्हर घुसवून उचकटू नका: चुंबक तो खेचतं आणि टोक सरळ कोनमधून आरपार जातं. काढलेले ड्रायव्हर दुसऱ्या खोलीत, झाकून. कॅबिनेटवर घासायला स्टील वूलऐवजी करडा नायलॉन पॅड घ्या, भांड्यांचा हिरवा नको, तो फार ओरबाडतो.

80 नंबरचा पेपर. बाहेरचं दिसणारं सागवान किंवा अक्रोड म्हणजे बहुतेक वेळा व्हिनियर, जुन्यात साधारण 0.6 ते 0.9 मिलिमीटर जाड, आत पार्टिकल बोर्ड नाहीतर प्लाय. मशीनवर 80 लावला की कडेचा थर पहिल्या मिनिटात जातो आणि खालचा भुसा दिसतो. त्याला इलाज नाही, नवं व्हिनियर चढवा नाहीतर काळा रंग मारा. मुळात बऱ्याच जोड्यांना घासायचीच गरज नसते. आधी एमटीओत (मिनरल टर्पेंटाइनमध्ये) ओला केलेला फडका फिरवा, चाळीस वर्षांची धूळ आणि तेलकटपणा निघाला की खालचं पॉलिश बरं निघतं. मग मागच्या बाजूला एका कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाका. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद नाही तर मेलामाइन किंवा तत्सम, त्याच्या वाटेला जाऊ नका, नुसतं मेण लावा. लाखेचं असेल तर तेच लाखेने दुरुस्त होतं, खरवडावं लागत नाही.

खरंच घासायचं असेल तर हाताने, लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून, शिरेच्या दिशेने. आधी 180, मग 220. सुरू करण्यापूर्वी पृष्ठभागावर पेन्सिलच्या फिक्या रेघोट्या मारा, त्या गेल्या की थांबा. नंतर चपडा लाख: 1 लिटर स्पिरिटला 240 ग्रॅम, रात्रभर मुरवून, वरची निवळ काढून. मध्यम आकाराच्या जोडीला 4 पातळ हातांना साधारण 400 मिली जातं. दोन हातांमध्ये तासभर, दुसऱ्या हातानंतर 320ने हलकं. पावसाळी दमट दिवशी लावलं तर पांढुरकी झाक येते, तेव्हा कोरडा दिवस निवडा. सोलापुरात कोरड्या दिवसांना काय तोटा.

उन्हाचा मुद्दा इथेच संपवतो. एप्रिल-मेत आपल्याकडे पारा 40च्या पुढे असतो, तोही सावलीतला. गच्चीवर ठेवलेल्या गडद लाकडावर हात टेकवत नाही. जुना डिंक मऊ पडतो, व्हिनियर आक्रसतं, फुगे आणि चिरा येतात. फुगा आलाच असेल तर ब्लेडने शिरेच्या दिशेने बारीक चीर द्या, इंजेक्शनच्या सिरिंजने फेव्हिकॉल आत सोडा, वर बटर पेपर, सपाट फळी आणि 24 तास वजन.

भोकं पाडायचा सल्ला ज्याने दिला त्याला दंडवत. अमेरिकेचे संशोधक एडगर व्हिल्चर यांनी 1954मध्ये एआर-1 हा स्पीकर आणला तोच मुळी पेटी बंद ठेवून. आत कोंडलेली हवा हीच कोनची स्प्रिंग, म्हणून लहान पेटीतून खोल बेस. तिला भोक पाडलं की स्प्रिंग गेली: बेस उतरतो, फुसफुस ऐकू येते आणि मोठ्या आवाजाला कोन हवा तितका पुढेमागे फेकला जातो. ज्यांना कारखान्यातूनच भोक असतं त्यांत भोकाचा व्यास, नळीची लांबी आणि पेटीचं आकारमान हे हिशोबाने जुळवलेलं असतं. ऑस्ट्रेलियाचे अभियंते नेव्हिल थील यांनी 1961मध्ये तो हिशोब मांडला. त्यात इंचाची चार भोकं अंदाजाने कुणी घालत नाही. तुमची पेटी बंद प्रकारची असेल तर वूफरचा कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी अलगद आत दाबून सोडा. सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे, झटकन आला तर कुठेतरी गळतंय. भोकं पाडून झाली असतील तर लाकडी खुंटी फेव्हिकॉल लावून ठोका आणि आतूनही एक थर द्या.

कोनच्या कडेला फेव्हिकॉल: नाही. ती कडा लवचीक राहण्यासाठीच असते, फेव्हिकॉल वाळून ताठ होतो, आणि त्यातल्या पाण्याने कागदी कोन वाकडा होतो. फोमची कडा भुसभुशीत झाली असेल तर ती मापाने बदलायची असते.

लिंबाचं थोडं खरं आहे. काळा डाग हा बहुधा लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन यांचा, आणि आम्लाने तो फिका होतो. पण लिंबू फार दुबळं. उघड्या लाकडावर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं द्रावण ब्रशने लावतात, हातमोजे घालून, आणि नंतर ओल्या फडक्याने दोनतीनदा पुसतात. ते विषारी आहे, मुलांपासून लांब. फडका ओला म्हणजे पिळलेला, पार्टिकल बोर्डात पाणी शिरलं की तो पावासारखा फुगतो.

आणि चादर. गावाचा अभिमान जागेवर, पण जाड दुहेरी विणीची चादर ट्वीटरवर (बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरवर) ताणली की झांजा, टाळ, गाण्यातले 'स' आणि 'श' कापडातच अडकतात. जाळीचं कापड निवडायची परीक्षा सोपी: तोंडासमोर धरून फुंका, हात पलीकडे. फुंकर अडखळली तर कापड परत. ज्या शहरात इतकं कापड विणलं जातं तिथे विरळ विणीचं सुती किंवा पॉलिएस्टर मिळत नाही असं नाही. चौकटीपेक्षा चारी बाजूंनी 5 सेंटिमीटर जास्त कापा. पिना आधी प्रत्येक बाजूच्या मध्यावर, मग समोरासमोर ताणत कोपऱ्यांकडे, नाहीतर वीण तिरकी दिसते.

मामा, एका स्पीकरला तेल लागलंय असं मामी म्हणाल्या. शेंगदाण्याचंच लागलं असेल तर बरं, काढता येईल. ड्रायव्हर काढा, मग एमटीओने पुसा, दर वेळी कोरा फडका, फडक्याला पिवळेपणा यायचा थांबेपर्यंत. ते फडकेही दोरीवर उलगडून टाका, चुलीपासून लांब. शेवटी एकदा स्पिरिट फिरवा, दोन दिवस सावलीत राहू द्या आणि तळाला हातभर जागेत लाखेचा एक हात लावा. दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून बघा. पापुद्रा सुटला तर आत अजून तेल आहे, पुन्हा एमटीओ.