‘पेअर्ड-अनपेअर्ड काहीही लावा’ म्हणे!

भाचीचं एमएस्सी ॲग्रीचं थिसिस ॲनालिसिसवर येऊन अडलंय आणि बाईसाहेबांनी मला ‘स्टॅट्स पाच मिनिटांत’ नावाचा फॉरवर्ड पाठवलाय. म्हणे तीसच्या आत नमुने असतील तर टी-टेस्ट (सरासऱ्यांमधला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासणारी चाचणी), वर गेले की झेड-टेस्ट. पेअर्ड (एकाच माणसाच्या किंवा प्लॉटच्या दोन नोंदींची जोडी) की अनपेअर्ड (दोन वेगळे गट), काहीही लावा, उत्तर तेच. गट जास्त असतील तर प्रत्येक जोडीला टी-टेस्ट मारा. डेटा नॉर्मल, म्हणजे आलेखात घंटेच्या आकाराचा, नसेल तर सगळं बाद. वर्षभर शेतात राबलेली पोरगी हे वाचून गडबडणार नाही तर काय!

तीसच्या नियमात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. ३० डिग्रीज ऑफ फ्रीडमला (ढोबळमानाने एकतीस नमुन्यांना) टीची टेबल व्हॅल्यू, म्हणजे फरक खरा मानायला ओलांडावा लागणारा आकडा, २.०४, झेडची १.९६. पण म्हणूनच सरसकट टी लावा ना! झेडला लागणारं समष्टीचं प्रमाण विचलन (नमुन्याचा नव्हे, अख्ख्या समूहाचा पसारा) माहीत असतं कुणाला?

‘काहीही लावा’ मात्र शुद्ध थाप. टी-टेस्ट ज्याने काढली, त्या गिनेस ब्रुअरीतल्या गॉसेटने ‘स्टुडंट’ या नावाने छापलेला १९०८ चा लेखच बघा. दहा रुग्ण, प्रत्येकाला दोन्ही औषधं, झोप किती तास वाढली त्याची नोंद. सरासरी ०.७५ आणि २.३३. हा डेटा ‘आर’ या स्टॅट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्लीप’ नावाने आयता मिळतो. अनपेअर्ड लावा, पी (खरा फरक नसताना योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली हवी) येतो ०.०७९, म्हणजे फरक सिद्ध नाही. पेअर्ड लावा, ०.००२८. आकडे तेच वीस! एका रुग्णाचे ३.७ आणि ५.५, दुसऱ्याचे उणे ०.२ आणि १.१. माणसामाणसांतली ही तफावत औषधांमधला फरक झाकून टाकते. जोडी लावली की ती वजा होते. आरबीडीत (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, शेतातल्या प्रयोगाची मांडणी) आपण सारख्या जमिनीचे ब्लॉक पाडतो ते तरी कशासाठी?

जोड्यांचं म्हणाल तर पाच ट्रीटमेंटच्या दहा जोड्या होतात. खरा फरक काहीच नसताना दहा स्वतंत्र चाचण्यांत एखादी तरी खोटी ‘सिग्निफिकंट’ निघण्याची शक्यता ४० टक्के. इथे जोड्या एकमेकींत गुंतलेल्या, म्हणून त्याहून कमी. पण ५ टक्के नक्कीच नाही. अनोव्हा (सगळे गट एकदम तपासणारी चाचणी) करा, सगळ्या जोड्या बघायच्याच असतील तर टुकी (जोड्यांची संख्या हिशेबात धरणारी चाचणी).

आणि नॉर्मल असायला हवेत ते रेसिड्युअल, म्हणजे ट्रीटमेंट आणि ब्लॉकचा परिणाम वजा केल्यावर उरलेले फरक. ट्रीटमेंटने उत्पादन खरंच वाढलं असेल, तर सगळे प्लॉट एकत्र केल्यावर आलेखाला दोन उंचवटे येऊ शकतातच. तेवढ्यासाठी डेटा बाद करायचा?

भाचीला कळवलंय, शीटमधला रेप्लिकेशनचा, म्हणजे ब्लॉकचा, कॉलम मॉडेलमध्ये घाल आणि मग फोन कर.