गुरु-राहू एका घरात दिसले, एवढ्यावरून?

शेजारच्या वहिनी परवा मोबाइल हातात घेऊनच आल्या. "भावोजी, हे वाचा आधी. आमच्या चिमीच्या पत्रिकेत हाच निघालाय."

व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मजकूर बहुतेक तुमच्याकडेही येऊन गेला असेल. थोडक्यात असा: गुरु आणि राहू एका घरात आले की गुरु-चांडाळ योग होतो. लाखात एखाद्याच्याच पत्रिकेत तो असतो. अशा मुलाचं शिक्षण अर्धवट राहतं, ते थोरामोठ्यांचं ऐकत नाही, पुढे लग्नही टिकत नाही. ऋषिमुनींनी हे हजारो वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. 2023 साली जन्मलेल्या मुलांची शांती तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत करून घ्यावी. खाली दक्षिणेचा आकडा आणि पैसे पाठवायला क्यूआर कोड.

मी हौसेने पत्रिका बघतो, दक्षिणा घेत नाही. ज्योतिष खरं की खोटं हा वाद बाजूला ठेवून, ज्या शास्त्राच्या नावाने हे सगळं चाललंय त्याच्याच हिशेबाने बोलू.

"लाखात एक" हे पहिलंच वाक्य पंचांग उघडलं की पडतं. गुरु एका राशीत साधारण वर्षभर असतो, राहू दीड वर्ष. गुरु सरळ चालतो, राहू उलटा, त्यामुळे दर सात-सव्वासात वर्षांनी दोघं एका राशीत गाठ पडतात आणि काही महिने तिथेच असतात. 2009 मध्ये मकरेत होते, 2016 मध्ये सिंहेत, 2023 मध्ये मेषेत. 22 एप्रिल ते 30 ऑक्टोबर 2023 या काळात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पत्रिकेत हा "दुर्मीळ" योग आहे. एवढ्या काळात एकट्या भारतात एक कोटीहून जास्त मुलं जन्मली. ढोबळ हिशेबाने बारांतल्या एका पत्रिकेत ही जोडी सापडते. (सूर्य-बुध एका राशीत आले की होणाऱ्या बुधादित्य योगाचंही तेच. बुध सूर्यापासून 28 अंशांच्या पलीकडे जातच नाही, तरी "तुमच्याकडे बुधादित्य आहे हो!" ऐकून लोक खूश होतात. तिथे तक्रार नसते, कारण पैसे मागत नाहीत.)

आता "एका घरात". चिमी सप्टेंबर 2023 च्या पहिल्या आठवड्यातली. त्या दिवसांत गुरु मेषेच्या 21 अंशांवर होता आणि राहू 3 अंशांवर. मध्ये 18 अंश. हात लांब करून मूठ आकाशाकडे धरली तर एक मूठ साधारण 10 अंश झाकते. म्हणजे जवळजवळ दोन मुठींचं अंतर. गुरु भरणी नक्षत्रात, राहू अश्विनीत. खरी अंशात्मक युती झाली ती मे संपून जून लागताना, दोघं मेषेच्या नऊ-दहा अंशांवर असताना. जूनच्या 1 तारखेचं मूल आणि चिमी यांना पत्रिका काढून देणारं ॲप एकच शिक्का मारतं. युतीसाठी किती अंश धरावेत यावर जाणत्यांत मतभेद आहेत, पण अंश बघायचेच नाहीत असं सहसा कुणी म्हणत नाही.

बरं, पत्रिकेतलं लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, म्हणजे पत्रिकेचं पहिलं घर) कुठे गेलं? एका दिवसात बाराही लग्नं उदय पावतात. चिमीचं कर्क लग्न. मेष तिच्या दशमात, म्हणजे दहाव्या घरात येते आणि गुरु तिला षष्ठेश आणि भाग्येश, म्हणजे सहाव्या आणि नवव्या घराचा स्वामी होतो. त्याच दिवशी दोन तासांनी, सिंह लग्नावर जन्मलेल्या बाळाला तीच जोडी भाग्यात, आणि गुरु पंचमेश-अष्टमेश. मेषेचा स्वामी मंगळ, तो गुरूचा मित्र. तो कुठे बसलाय, दृष्टी कुणाची आहे, हे बघितल्याशिवाय मी तरी तोंड उघडणार नाही.

शिक्षणाचं तर हसूच आलं. फळ मिळायला त्या ग्रहाची दशा, म्हणजे त्याचा काळ, यावी लागते; दशांचा क्रम जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो त्यावरून सुरू होतो. चिमीचा चंद्र अश्विनीत. म्हणजे केतू 7 वर्षं (जन्माच्या वेळी त्यातली जी उरली असतील ती), मग शुक्र 20, रवी 6, चंद्र 10, मंगळ 7, आणि मग राहू. राहूची महादशा लागेल तेव्हा पोरगी त्रेचाळीस ते पन्नासच्या मधली असेल. अंतर्दशा (महादशेच्या पोटातले छोटे काळ) मध्येमध्ये येतात, कबूल. पण त्यांच्या जोरावर आत्ताच शाळा बुडवायची?

ऋषिमुनींचं म्हणाल, तर सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहज्जातकात दोन ग्रहांच्या युतींवर अख्खा अध्याय लिहिलाय. त्यात सूर्यापासून शनीपर्यंतच्या सात ग्रहांच्याच जोड्या आहेत. राहू नाही. आणि बृहत्संहितेत हाच गृहस्थ सांगतो की ग्रहण राहू गिळल्यामुळे होत नाही, छायेमुळे होतं. नंतरच्या परंपरेत राहूच्या युतींची फळं आली, ती मी नाकारत नाही. पण "हजारो वर्षांपूर्वी" हा शब्द सांभाळून वापरावा. शिवाय चांडाळ हे माणसांच्या एका समूहाला हिणवून चिकटवलेलं नाव आहे. ते दोन-अडीच वर्षांच्या लेकराच्या पत्रिकेवर कशाला?

आमच्या बाजूचंही एक सांगून टाकतो, झोंबलं तरी. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात एक चाचणी घेतली होती. 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी 50 आले असते. तेव्हा एका जोडीवरून मुलाचं शिक्षण सांगणाऱ्याने जरा दमाने घ्यावं.

वहिनींना हे सगळं पटलं. मग म्हणाल्या, "आणि रत्नागिरीच्या नातवाचं?" लेकीचा मुलगा, डिसेंबर 2023 चा. ॲपमध्ये राहू मीनेत गेलेला, म्हणून दोष नाही. गंमत म्हणजे त्याच्या गुरु-राहूत 14 अंशांचंच अंतर, चिमीपेक्षा कमी! पण तिच्या सासरी टिळक पंचांग चालतं. त्याचा अयनांश (राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची ते ठरवणारा आकडा) सुमारे 4 अंशांनी कमी, त्यामुळे त्यात राहू तेव्हा अजून मेषेतच होता, गुरूच्या शेजारी. त्या पंचांगाने दोष आहे.

"म्हणजे माहेरी नाही आणि सासरी आहे?" वहिनी म्हणाल्या, आणि तो मेसेज पुसायला चष्मा शोधू लागल्या.