तुझं शरीर बाळाला मारत नाहीये

परवा रात्री साडेअकराला धाकट्या जावेचा फोन आला. ती रडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. एवढंच विचारलं तिने, "ताई, माझंच रक्त मारतंय का गं बाळाला?"

तिचे तीन गर्भपात झालेत, तिन्ही नऊ आठवड्यांच्या आत. तिच्या मावशींनी अगदी मायेने तिला एक मेसेज पाठवला होता. तोच मेसेज दुसऱ्या दिवशी मला दुकानातल्या मुलीने दाखवला, संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला. थोडक्यात असा: वारंवार गर्भ पडत असेल तर तुमच्या शरीरातल्या 'नॅचरल किलर' (एनके) पेशी बाळाला शत्रू समजून मारत आहेत. रक्ताची एनके टेस्ट करा. मग नवऱ्याच्या रक्ताची लस घ्या, इंट्रालिपिडची सलाईन लावा आणि स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू करा. गोळ्या पूर्ण सुरक्षित, बाळाच्या फुप्फुसांसाठी डॉक्टर हेच तर देतात. यश ९० टक्के. उपचाराशिवाय तीन गर्भपातांनंतर मूल होणं जवळजवळ अशक्य. गरजू भगिनींना पाठवा.

मी डॉक्टर नाही. सांगलीत बावीस वर्षं औषधांचं दुकान चालवते. या उपचारांच्या चिठ्ठ्या माझ्या काउंटरवर येतात, आणि त्या घेऊन येणाऱ्या बायकांचे चेहरे मी बघते. म्हणून लिहितेय.

"किलर पेशी बाळाला मारतात."

सगळ्यात आधी हे, कारण जावेला रात्रभर झोप लागली नाही ती या एका वाक्यामुळे. 'किलर' हे नाव या पेशींना रक्तातल्या कामावरून पडलं. विषाणू शिरलेल्या किंवा कर्करोगाच्या पेशी त्या मारतात. गर्भाशयाच्या अस्तरात असतात त्या त्यांच्या चुलतबहिणी म्हणा हवं तर, पण काम अगदी वेगळं. गर्भारपणाच्या सुरुवातीला त्या अस्तरातल्या प्रतिकार पेशींपैकी साधारण ७० टक्के याच असतात. म्हणजे प्रत्येक बाईत, नऊ महिने सुखरूप पार पडणाऱ्या बाईतसुद्धा. वार रुजताना आईच्या नागमोडी रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात, नाहीतर बाळाला रक्त पुरत नाही. ते काम पार पाडायला या पेशी हातभार लावतात. ज्या पेशी बाळाची सोय लावतात त्यांनाच खुनी ठरवून हा मेसेज फिरतोय.

आणि टेस्ट कशाची? दंडातून काढलेल्या रक्ताची. त्या रक्तातल्या एनके पेशींवरून गर्भाशयात काय चाललंय ते कळत नाही. जिना चढून आलात, घाबरलात, तरी हा आकडा बदलतो. युरोपातल्या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे 'एश्रे'ने, वारंवार गर्भपाताबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये सुधारली. नेहमीच्या तपासण्यांत ही टेस्ट घ्यावी इतका पुरावा नाही, असं त्यात म्हटलंय.

पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची जुळणी मुळातच चुकलेली असते. तो गर्भ कोणी मारलेला नसतो. जावेला मी हेच सांगितलं, चार वेळा सांगितलं. पण एकदा मनात 'मीच मारलं' शिरलं की ते काढायला चार वेळा पुरत नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याला याची काही कल्पना आहे का?

"स्टेरॉईडच्या गोळ्या पूर्ण सुरक्षित."

इथे मला खरा राग येतो, कारण हे वाक्य नुसतं चुकीचं नाही, यातून इजा होते.

आधी फुप्फुसांचं. दिवस भरण्याआधीच बाळंत होण्याची वेळ आली, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला बीटामिथॅसोन किंवा डेक्सामिथॅसोनची मोजकी इंजेक्शनं देतात. ती एक-दोन दिवसांची गोष्ट असते, आणि त्याने बाळं वाचतात. मेसेजमधली गोळी आहे प्रेडनिसोलोन. ती पहिल्या आठवड्यापासून, रोज, कधी दोन-तीन महिने. वारेत तिचा बराचसा भाग निष्प्रभ होतो, त्यामुळे बाळापर्यंत ती कमी पोचते हे खरं आहे. पण आईला ती पुरती लागते. 'दोन्ही स्टेरॉईडच' म्हणून एकाची सुरक्षितता दुसऱ्याला चिकटवायची, हे आमच्या धंद्यात कोणी केलं तर त्याला मी दुकानात उभं करणार नाही.

आता पुरावा. टोरांटोच्या कार्ल लास्किन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक चाचणी छापली. ती मी वहीत उतरवून ठेवली आहे, कोणी विचारलं की वही काढते. कारण न सापडलेले किमान दोन गर्भपात झालेल्या, आणि रक्तात स्वतःविरुद्धच्या अँटिबॉडी सापडलेल्या २०२ बायका. म्हणजे प्रतिकारशक्तीच्या उपचाराचा फायदा कोणाला व्हायचाच असेल तर ज्यांना व्हावा, त्याच. निम्म्यांना प्रेडनिसोन (शरीरात गेल्यावर त्याचंच प्रेडनिसोलोन होतं) आणि अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळतंय ते त्यांना माहीत नव्हतं.

जिवंत बाळ झालं औषधवाल्या १०१ पैकी ६६ जणींना, बिनऔषधवाल्या १०१ पैकी ५७ जणींना. नऊंचा फरक योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे तो फायदा म्हणून धरता येत नाही, असं गणित सांगतं. आणि किंमत? अपुऱ्या दिवसांची बाळं औषधवाल्यांत ६२ टक्के, दुसरीकडे १२. मधुमेह १५ टक्के, दुसरीकडे ५. रक्तदाब १३, दुसरीकडे ५.

बासष्ट आणि बारा. बाळ हाती लागावं म्हणून घेतलेली गोळी बाळाला वेळेआधी बाहेर काढतेय, आणि मेसेज म्हणतो पूर्ण सुरक्षित.

त्या चाचणीतला डोस मोठा होता, हे मान्य. हल्ली चिठ्ठ्यांवर पाच, दहा, वीस मिलिग्रॅम दिसतं, आणि कमी डोसने त्रास कमी होतो. पण कमी डोसने फायदा होतो हेही अजून कोणी नीट दाखवलेलं नाही. शिवाय आपल्याकडे एक गोष्ट टोरांटोपेक्षा वेगळी आहे. आपल्या कितीतरी लोकांच्या अंगात क्षयाचे जंतू झोपलेले असतात, आणि रोजचं स्टेरॉईड त्यांना जागं करू शकतं. चिठ्ठी लिहिण्याआधी छातीचं कोणी विचारलं का, असं मी बायकांना विचारते. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं.

ज्यांना ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे, दमा आहे, त्यांना गर्भारपणातही स्टेरॉईड लागतं आणि त्यांनी ते घ्यायलाच हवं. त्यांच्याबद्दल हे लिहिलेलं नाही. आणि ज्यांच्या गोळ्या काही आठवडे चालू आहेत त्यांनी हे वाचून त्या एकदम बंद करू नयेत. शरीराने स्वतःचं स्टेरॉईड बनवणं कमी केलेलं असतं, गोळी अचानक तुटली तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची.

"नवऱ्याच्या रक्ताची लस."

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी खाजेवर मलम मागायला आली. बाही वर केली तर हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत लाल गाठी, ओळीने, मोठ्या डासांनी चावल्यासारख्या. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून तिच्या कातडीत टोचल्या होत्या. तिसरी खेप होती. पैसे सासऱ्यांनी सोसायटीतून काढले होते.

हे खूळ आलं कुठून ते सांगते. १९८५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मोब्रे यांचा एक छोटा अभ्यास आला. नवऱ्याच्या पेशी टोचलेल्या २२ पैकी १७ जणींचं गर्भारपण टिकलं, स्वतःच्याच पेशी टोचलेल्या २७ पैकी १० जणींचं. आशा वाटावी असेच आकडे होते, त्यात कोणाचं चुकलं नाही. पण १९९९ मध्ये त्याच 'लॅन्सेट'मध्ये कॅरोल ओबर यांच्या गटाची मोठी चाचणी आली. ज्यांना दिवस गेले त्यांच्यापैकी, लस घेतलेल्या ६८ जणींत ३१ यशस्वी, नुसतं सलाईन टोचलेल्या ६३ जणींत ४१. लसवाल्या मागे पडल्या. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, संशोधनाच्या परवानगीशिवाय हे करायचं नाही असं डॉक्टरांना कळवलं. 'एश्रे' तर सरळ म्हणते, वापरू नका. तिकडे इतक्या वर्षांपूर्वी थांबवलेली गोष्ट इकडे 'आधुनिक उपचार' म्हणून विकली जातेय.

"इंट्रालिपिड."

दुधासारखी पांढरी सलाईन. सोयाबीनचं तेल आणि अंड्यातली स्निग्ध द्रव्यं. ज्या रोग्याला तोंडाने खाता येत नाही त्याला उष्मांक मिळावेत म्हणून बनवलेली. गर्भपात टळतो असा भरवशाचा पुरावा नाही. यावर याहून जास्त लिहायची गरज नाही.

"यश ९० टक्के", आणि "उपचाराशिवाय अशक्य."

ही दोन्ही वाक्यं एकमेकांच्या आधाराने उभी आहेत, म्हणून दोन्ही एकदम. २०१५ मध्ये 'प्रॉमिस' नावाची चाचणी आली. कारण न सापडलेले वारंवार गर्भपात झालेल्या ८३६ बायका. प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवायला मदत करणारं संप्रेरक, दिलेल्यांत जिवंत बाळ ६५.८ टक्के जणींना, बिनऔषधवाल्यांत ६३.३ टक्के जणींना. दिवस गेल्यावर काहीही न देता शंभरात त्रेसष्ट जणींना मूल! कोणत्याही सलाईनवाल्याच्या दारात हे आकडे आपोआप जमा होतात, आणि श्रेय सलाईनला जातं. त्यातून ठोके दिसल्यानंतरच मोजायला सुरुवात केली, तर टक्का आणखी वर चढतो. ज्यांचा गर्भ त्याआधीच पडला त्या मोजणीतच नाहीत. आणि 'अशक्य' हा शब्द तर मेसेज लिहिणाऱ्याने परत घ्यावा.

यात खरं काही आहे का?

आहे, थोडं. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम नावाचा प्रतिकारशक्तीचाच आजार आहे, त्यात गर्भ पडतात, आणि त्याच्यावर उपचारही आहे: अ‍ॅस्पिरिन आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं. त्यात स्टेरॉईड नाही. रक्ततपासणी एकदा करून चालत नाही, किमान बारा आठवड्यांनी पुन्हा करून पक्की करावी लागते. इतकी महत्त्वाची तपासणी, आणि मेसेजमध्ये तिचं नावसुद्धा नाही.

दुसरं, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींची सलाईन. २०२२ मध्ये जपानमध्ये ९९ बायकांवरच्या चाचणीत, दिवस गेल्या गेल्या मोठा डोस दिला तेव्हा ५८ टक्के जणींना बाळ झालं, न दिलेल्यांत ३५ टक्के. पण त्या सगळ्या चार किंवा जास्त गर्भपात झालेल्या, कारण न सापडलेल्या होत्या. अशांसाठी त्याचा विचार करता येईल, इतकंच 'एश्रे' म्हणते. ते औषध फार महाग आहे. सरसकट नाही.

थायरॉईड बघावा, गर्भाशयाचा आकार बघावा. आधी गर्भपात झालेल्या बाईला नव्या गर्भारपणात सुरुवातीला रक्त दिसलं तर प्रोजेस्टेरॉन द्यावं. २०१९ च्या 'प्रिझम' चाचणीत तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्या अशा बायकांत बाळ होण्याचं प्रमाण ५७ वरून ७२ टक्क्यांवर गेलं होतं. ही औषधं साधी आहेत, म्हणून त्यांचे मेसेज फिरत नाहीत.

हे सगळं मी काल सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं आणि जावेच्या मावशींनाही पाठवलं. त्यांना वाईट वाटेल म्हणून आधी दोनदा लिहून पुसलं होतं. तासाभराने त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "अगं, आमच्या शेजारच्या सुनेला मीच तो मेसेज दिला होता. तिच्या गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले. आता मी तिला काय सांगू?"

गोळ्या बंद करू नको म्हणावं, म्हटलं, आणि आधी तिचा नंबर द्या.