फोर बाय फोर चढवते, थांबवत नाही

नाताळची सुट्टी जवळ आली की आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज उगवतोच: ‘मुंबईच्या पावसात गाडी चालवणाऱ्याला मनालीच्या बर्फाचं काय भय! फोर बाय फोर घ्या. काच गोठली तर गरम पाणी ओता. अडकलात तर काचा लावून हीटर सुरू ठेवा. पहाटेच निघा, रस्ता मोकळा मिळतो.’ यंदा तो दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकलाय. त्यांचा मुलगा शनिवारी निघतोय, म्हणून गप्प बसवत नाही.

फोर बाय फोरचा समज कुठून आला ते कळतं. बर्फ पडला की मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे पोलीस बऱ्याचदा फक्त अशाच गाड्या सोडतात. पण चारही चाकांना इंजिनची ताकद मिळाली की गाडी चढते, रुतलेली निघते, एवढंच. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. गाडी थांबते ती टायर आणि रस्त्याच्या पकडीवर, आणि बर्फावर ती दोघींनाही सारखीच कमी. ताशी ४० किलोमीटरवर ब्रेक दाबला तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण ९ मीटरांत थांबते, गुळगुळीत गोठलेल्या रस्त्यावर ६० मीटरही पुरत नाहीत. म्हणजे लोकलचा अर्धा डबा आणि तीन डबे! हेही सपाटीवर. दहाला एक असा उतार असला तर ती थांबेलच असं नाही. तिथे बर्फाचे टायर किंवा चाकांना साखळ्याच हव्यात.

आता आपला पाऊस. ओल्या रस्त्यावर निम्मी-अर्धी पकड तरी उरते, म्हणून ऐन वेळी ब्रेक मारायची आपली सवय खपून जाते. मनालीच्या पुढच्या अटल बोगद्याचे ९ किलोमीटर कोरडे पार करून आम्ही पलीकडे लाहौलच्या खोऱ्यात बाहेर पडलो, तेव्हा पुढचं सावलीतलं वळण मला नुसतं ओलं दिसलं. टॅक्सीवाल्याने मात्र आधीच गिअर दुसऱ्यावर आणला होता. वळणात त्याचा पाय ना ब्रेकवर, ना अॅक्सिलरेटरवर. गप्पाही बंद. पुढे चहाला उतरलो तेव्हा म्हणाला, तो काच झालेला बर्फ होता.

गरम पाण्याने गार काच तडकते, आणि तडकली नाही तर तेच पाणी पुन्हा गोठतं. प्लास्टिकचा स्क्रेपर घ्या, फार महाग नसतो.

हीटरचा सल्ला मात्र जीवघेणा आहे. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला ना वास, ना रंग. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली, त्यातली काही या वायूने. आधी उतरून सायलेन्सर मोकळा करा, इंजिन थोडा-थोडा वेळच चालवा, एक काच बोटभर उघडी ठेवा.

राहिली पहाट. ट्रॅफिक चुकवायला चारला निघणं घोडबंदर रोडला ठीक. तिकडे दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि पहाटे रस्ता सगळ्यात निसरडा असतो. काका, मुलाला सांगा, ऊन रस्त्यावर येईपर्यंत हॉटेलात पराठे खात बस.