नेपाळने दरवाजे उघडले म्हणून बिहार बुडतो?

पावसाळा आला की एक मेसेज फिरायला लागतो, हल्ली मराठी ग्रुपांवरही. मजकूर साधारण असा: ‘कोसी नेपाळात उगम पावते. तिच्यावर नेपाळचं धरण आहे. ते भरलं की नेपाळ दरवाजे उघडतो आणि बिहार बुडतो. 2008 साली हेच झालं. उपाय एकच, नदीकाठचे बांध आणखी उंच करा.’ खाली फेसाळत्या दरवाजांचा व्हिडिओ. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून दर वर्षी वाद घालणाऱ्या आपल्याला ही गोष्ट चटकन पटते. पण ती तशी नाही.

आधी उगम. कोसी म्हणजे सप्तकोसी. इंद्रावती, सुनकोसी, तामाकोसी, लिखू, दूधकोसी, अरुण आणि तमोर अशा सात नद्या मिळून ती होते. एव्हरेस्टच्या दक्षिण अंगाचं बर्फ वितळून दूधकोसीत येतं. अरुण मात्र हिमालयाच्या पलीकडची. ती तिबेटातून येते आणि अख्खी पर्वतरांग चिरून दक्षिणेला उतरते. हिमालय उंचावत होता तेव्हाही ती वाहत होती, असं भूवैज्ञानिक मानतात. कोसीचं पाणलोट क्षेत्र सुमारे 74 हजार चौरस किलोमीटर, त्यातलं एक तृतीयांशाहून जास्त तिबेटात आहे. तिथे पाऊस कमी पडतो, त्यामुळे पुराचं पाणी मुख्यतः नेपाळच्या डोंगरउतारांवरूनच येतं. मेसेजात खरं आहे ते एवढंच. वराहक्षेत्राची घळ ओलांडून नदी चतऱ्याला मैदानात येते आणि कटिहार जिल्ह्यात कुरसेलाजवळ उत्तरेकडून गंगेला मिळते.

आता ‘नेपाळचं धरण’. कोसीवर पूर साठवून ठेवील असं धरण नेपाळात नाहीच. वराहक्षेत्राजवळ उंच धरण बांधायची चर्चा 1940 च्या दशकापासून चालू आहे, अजून ती कागदावरच आहे. व्हिडिओत दिसतो तो सीमेवरच्या भीमनगरचा बॅरेज, म्हणजे नदीवर आडवी घातलेली दरवाजांची रांग. 56 दरवाजे, लांबी सव्वा किलोमीटरला थोडी कमी. पाण्याची पातळी चढवून ते कालव्यांत वळवायचं, यासाठी तो बांधला. वरून जेवढं येईल तेवढं त्याला खाली जाऊ द्यावंच लागतं.

28 सप्टेंबर 2024 ला या बॅरेजवरून 6.61 लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी गेलं, 1968 नंतरचं सर्वांत जास्त. हा आकडा आपल्या हिशोबात बघू. या वेगाने दिवसाला सुमारे 57 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी होतं. म्हणजे रिकामं खडकवासला पाऊण-एक तासात भरेल आणि 105 टीएमसीचं कोयना दोन दिवसही घेणार नाही. एवढं पाणी अडवून ठेवायचं कुठे? आणि त्याच पावसाने त्याच दिवसांत काठमांडू खोऱ्यासह नेपाळात दोनशेहून जास्त माणसं गेली. बिहारला बुडवायला निघालेला देश आधी स्वतः बुडाला, असं म्हणायचं का?

बरं, दरवाजे तरी कोण उघडतं? बॅरेज नेपाळच्या जमिनीवर आहे, हे खरं. पण तो 25 एप्रिल 1954 च्या भारत-नेपाळ करारानुसार भारताने बांधला, आणि चालवतात ते बिहारच्या जलसंसाधन विभागाचे अभियंते. ‘नेपाळने पाणी सोडलं’ ही बातमी दर वर्षी छापून येते, तेव्हा दरवाजांचं बटण आपल्याच माणसांच्या हाताखाली असतं.

2008 चा दाखला तर मेसेजवरच उलटतो. 18 ऑगस्टला कुसहा गावाजवळ पूर्वेकडचा बांध फुटला. कुसहा नेपाळात आहे, पण करारानुसार त्या बांधाची देखभाल बिहारकडे होती. हे ठिकाण बॅरेजच्या वरच्या अंगाला सुमारे 12 किलोमीटरवर. म्हणजे जे पाणी सुपौल, मधेपुरा, सहरसा, अररिया, पूर्णियात घुसलं, ते बॅरेजच्या दरवाजांतून गेलंच नाही. त्याला वळसा घालून पूर्वेकडे निघून गेलं. आणि पूरही मोठा नव्हता. त्या दिवशी प्रवाह दीड लाख क्युसेकच्या आसपास होता. बॅरेज बांधलाय साडेनऊ लाख क्युसेक झेपतील असा! तीस लाखांहून जास्त लोकांना झळ बसली. ज्यांची घरं नदीपासून कोसो दूर होती, तेही झोपेतून उठून छपरावर चढले.

पाणी पूर्वेलाच का गेलं, तर नदी आधी तिकडेच होती. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत कोसी पूर्णियाच्या बाजूने पश्चिमेकडे शंभराहून जास्त किलोमीटर सरकत आली. डोंगरातून दर वर्षी दहा कोटी टनांच्या घरात गाळ आणायचा, पात्रात टाकायचा, पात्र उंच झालं की बाजूच्या सखल भागात घुसायचं, हा तिचा जुना क्रम. 1955 पासून दोन्ही काठांनी मातीचे बांध घातले, तिकडे त्यांना तटबंध म्हणतात. गाळ पसरायची जागा बंद झाली आणि तो दोन बांधांच्या मध्येच साचू लागला. आज कित्येक ठिकाणी नदीचा तळ बांधाबाहेरच्या शेतांपेक्षा उंच आहे. बांध फुटला की ती उतार शोधत जुन्या वाटेने पळते.

तेव्हा ‘बांध उंच करा’ या उपायाबद्दल. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अख्ख्या बिहारात जेमतेम 160 किलोमीटर बांध होते आणि पूरप्रवण क्षेत्र 25 लाख हेक्टर. बांधांची लांबी तीन हजार किलोमीटरच्या पार गेली, तोवर ते क्षेत्र 68 लाख हेक्टरांवर गेलं होतं. याला फक्त बांध जबाबदार, असं मी म्हणणार नाही. पण बांधांनी पूर आवरला असता, तर हा आकडा खाली यायला हवा होता. शिवाय दोन तटबंधांच्या मधोमध पावणेचारशेच्या आसपास गावं अडकलेली आहेत. त्यांच्या बाजूने पाहिलं, तर बांध उंच करणं म्हणजे दोन्हीकडची भिंत वाढवणं. 2024 च्या त्या पुरातही दरभंगा जिल्ह्यात कोसीचा पश्चिम तटबंध फुटलाच.